वाढतं वय, हृदयाचा पंप आणि छातीचा भाता



खत-औषधांच्या मात्रा सांगणारा माणूस आज छातीविषयी का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. कार्यक्रमाकडे तुमची जी पत्रं येतात, त्यांत बोंडअळीचा किंवा करप्याचा प्रश्न विचारून झाला की शेवटी एखादी ओळ हमखास असते. "हल्ली फवारणीचा पंप पाठीवर घेतला की दम लागतो, वय झालं." किंवा, "आईला चुलीपुढं खोकल्याची उबळ येते, साठी उलटली, चालायचंच." या शेवटच्या ओळीला आम्ही आजवर कधी उत्तर दिलं नाही. आज द्यायचं आहे.

मी डॉक्टर नव्हे, बी.एस्सी. कृषी झालेला विस्तार अधिकारी आहे. त्यामुळे इथं लिहिलेली वैद्यकीय बाजू आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांजवळ बसून, विचारून घेतली आहे. उदाहरणं मात्र माझी, म्हणजे आपल्या शिवारातली.

वय झाल्यावर हृदय आणि फुप्फुसं यांत बदल होतात, हे खरं. पण वयामुळं काय होतं आणि रोगामुळं काय होतं, यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पिकाची खालची पानं पिवळी पडतात ती कधी पक्वतेमुळं, तर कधी नत्राच्या कमतरतेमुळं. पीक काढणीला आलंय असं समजून आपण हात बांधून बसलो आणि पीक खरं म्हणजे उपाशी होतं, तर नुकसान कुणाचं?

हृदय : एक पंप, चार झडपा

आपलं हृदय मुठीएवढं. मिनिटाला साधारण ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख ठोके होतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरच्या वर. फवारणीचं पाणी कालवायला आपण जे २०० लिटरचं पिंप वापरतो, तशी पस्तीस-छत्तीस पिंपं रोज. आणि हा पंप विसाव्या वर्षी असो की सत्तराव्या, एक मिनिट बंद ठेवून दुरुस्तीला काढता येत नाही.

आता हा पंप म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं? मोटर जळते का? नाही. गंमत अशी की निरोगी म्हाताऱ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना जवळजवळ तरुणाइतकंच रक्त फिरवतं. पहिला बदल होतो तो पंपात नव्हे, पाइपलाइनमध्ये.

पाठीवरचा फवारणी पंप आठवा. आपण दांडा वर-खाली करतो तो थांबून थांबून, पण नोझलमधून फवारा मात्र सलग येतो. का? कारण आत दाबाची कोठी असते. दांडा खाली गेला की तिथली हवा दाबली जाते, आणि दांडा वर जाताना तीच हवा पाणी पुढं ढकलत राहते. आपल्या शरीरात हेच काम हृदयातून निघणारी मोठी रोहिणी करते. ठोका पडला की ती फुगते, दोन ठोक्यांच्या मध्ये ती आक्रसते आणि रक्त पुढं सरकवते. ही तुलना माझी नव्हे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात रोहिण्यांची तुलना आग विझवण्याच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली होती. हेल्सचं नाव आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते वेगळ्या कारणानं. झाडाच्या मुळाकडून पानाकडं रस कसा चढतो हे त्यानंच मोजून दाखवलं होतं. घोड्याच्या रक्ताचा दाब मोजणारा आणि वेलीच्या रसाचा दाब मोजणारा माणूस एकच, हे मला फार उशिरा कळलं.

तर वयाबरोबर ही मोठी रोहिणी ताठ होते. तिच्यातले लवचीक तंतू तुटत जातात, चिवट तंतू वाढतात, कुठं कुठं चुना साठतो. उन्हात चार हंगाम पडलेली रबरी नळी वाकवून पाहा, तसंच. नळी फुगेनाशी झाली की ठोक्याचा सगळा दणका पुढं जातो, आणि मध्यंतरी ढकलणारं कुणी उरत नाही. म्हणून उतारवयात रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा बहुधा पन्नाशीनंतर उतरू लागतो. दाब १६० वर ७० आला की पुष्कळ लोक म्हणतात, "खालचा चांगला आहे, मग काय काळजी?" तसं नाही. वरचा आणि खालचा यांतलं अंतर वाढणं हीच नळी ताठ झाल्याची खूण आहे. वरचा आकडा १४० किंवा त्याच्या पुढं पुन्हा पुन्हा येत असेल, तर खालचा कितीही असो, डॉक्टरांना दाखवायचं.

ताठ नळीत रक्त ढकलायचं म्हणून हृदयाची भिंत जाड होते. जाड स्नायू जोर लावतो, पण सैल पडायला वेळ घेतो. आणि सैल पडल्याशिवाय हृदय भरत नाही. उन्हाळ्यात विहिरीचा पाझर मंद झाला की काय होतं? मोटर तीच, पण विहीर भरायच्या आधी चालू केली तर पाणी तुटतं. म्हाताऱ्या हृदयाचंही तसंच. सावकाश चाललात तर पुरतं, एकदम चढ घेतला तर दम लागतो.

शिवाय ठोक्यांचा वरचा वेगही उतरतो. जोराच्या कामात तिशीतल्या माणसाचं हृदय मिनिटाला १८५-१९० ठोक्यांपर्यंत जाऊ शकतं, पासष्टीच्या माणसाचं १५५-१६५ च्या आसपास थांबतं. हा रोग नव्हे, सगळ्यांचं होतं.

झडपांविषयी थोडक्यात सांगतो. हृदयाला चार झडपा. फूटव्हॉल्व्ह झिजला की पंप पाणी सोडतो, किंवा गाळ बसून तो उघडतच नाही. म्हातारपणी हृदयाच्या झडपेवरही चुना साठू शकतो. चढावर चक्कर, छातीत दाटणं, धाप ही त्याची लक्षणं असतात. डॉक्टर छातीला नळी लावून आवाजावरून अंदाज घेतात, म्हणून तपासताना शर्ट काढायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट खुरपणी करणाऱ्या आयाबहिणींसाठी. बसून खुरपताना एकदम उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते ना? उठल्याबरोबर रक्त पायांत उतरतं, आणि मानेतल्या ज्या यंत्रणेनं ताबडतोब दाब सावरायचा, ती उतारवयात मंद होते. आधी गुडघ्यावर यावं, घटकाभर थांबावं, मग उभं राहावं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे नक्की पाळा, आणि चक्कर वारंवार येत असेल तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा.

फुप्फुसं : पाऊण गुंठ्याचं शिवार

छातीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, तीस ते पन्नास कोटी, द्राक्षाच्या घोसासारख्या लगडलेल्या. त्या सगळ्या उलगडून जमिनीवर पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे पाऊण गुंठ्याला थोडी कमी. एवढ्या शिवारावर हवा आणि रक्त यांची देवघेव चालते. फुप्फुसं पंचविशीच्या सुमारास पूर्ण भरात असतात. पुढं काही वर्षं टिकतात, आणि मग उतार सुरू होतो.

इथं हृदयापेक्षा उलटा प्रकार आहे. नळ्या ताठ होतात, पण फुप्फुसं सैल पडतात. लोहाराचा भाता पाहिला असेल. जुन्या भात्याचं कातडं ढिलं पडतं आणि लाकडी चौकट मात्र आखडते. आपल्या छातीत फुप्फुसाचं कातडं ढिलं होतं आणि बरगड्यांची चौकट ताठ होते. परिणाम असा की हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. शिळी हवा आत साचून राहते आणि ताज्या हवेला जागा कमी पडते.

जोरानं फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून डॉक्टर फुप्फुसाची ताकद मोजतात. तिशी-पस्तिशीनंतर निरोगी माणसाची ही ताकद वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरनं घटते. म्हणजे तीस वर्षांत पाऊण-एक लिटर. पण मुळात साडेतीन लिटरच्या आसपास असलेल्या माणसाला एवढं गेलं तरी चालण्या-फिरण्याला, शेतात हिंडायला पुरून उरतं. म्हणजे निव्वळ वयामुळं माणूस घरातल्या घरात धापा टाकत नाही. टाकत असेल तर कारण दुसरं आहे.

ते दुसरं कारण आपल्या खेड्यांत बहुतेक वेळा धूर असतं. विडी घ्या. लंडनमधल्या कामगारांची वर्षानुवर्षं तपासणी करून फ्लेचर आणि पेटो या दोघांनी १९७७ मध्ये एक आलेख प्रसिद्ध केला, तो आजही डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवतात. ज्यांच्या छातीला धूर बाधतो त्यांची घसरण न ओढणाऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगानं होते. मात्र कुठल्याही वयात ओढणं सोडलं की गेलेलं फारसं परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्याच्या चालीवर येते. वाहून गेलेली माती परत येत नाही, पण बांध घातला की पुढची धूप थांबते. "आता साठीत सोडून काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज मनातून काढून टाका. तंबाखू, मिश्री यांचा धूर छातीत जात नसला तरी हृदयाला त्या सोडत नाहीत.

विडीला हातही न लावलेल्या बायकांच्या छातीचं काय? चूल. काड्या, तुराट्या, शेणी यांचा धूर बंद खोलीत चाळीस वर्षं घेतलेल्या बाईची छाती ओढणाऱ्या पुरुषासारखीच खराब झालेली असते. घरात गॅस आला आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी तापवायला, भाकरीला चूलच पेटते, हे मी घरोघरी पाहतो. निदान चूल पडवीत घ्या, कौल काढून वर धुराडं करा. मळणीचा भुसा, धान्य उफणतानाची धूळ, बुरशी लागलेलं वैरण हलवताना उडणारी पूड, हेही याच खात्यात जमा होतं. तोंडाला नीट मुसकं बांधा. वाऱ्याच्या दिशेला पाठ असावी हे तुम्हाला मी सांगायला नको.

फवारणीचं मात्र सांगतोच. काही कीटकनाशकं श्वासनलिका आवळतात, छातीत चिकट स्राव भरतात, हृदयाचे ठोके मंद करतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ती तर धडधाकट माणसं होती. ज्याच्या छातीची राखीव ताकद आधीच कमी आहे त्यानं फवारणी करू नये. घरातल्या तरुणानं करावी, आणि त्यानंही पूर्ण साधनं घालून.

म्हातारपणी खोकल्याचा जोरही कमी होतो. कफ वर येत नाही, खाली साचतो, आणि साधी सर्दी न्यूमोनियावर जाते. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही न्यूमोनिया असू शकतो. नुसता सुस्तपणा, जेवण तुटणं, भलतंच बडबडणं एवढंच दिसतं. साठीनंतर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारून ठेवा.

राखीव ताकदीचा हिशेब

मघापासून राखीव ताकद म्हणतोय, तिचा हिशेब मांडू. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू मिळून माणूस जास्तीत जास्त जेवढं काम करू शकतो, ती ताकद तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. तिशीत शंभर धरली तर साठीला बहात्तर-त्र्याहत्तर उरते. आता दिवसभर न थकता करता येणारं काम हे आपल्या कमाल ताकदीच्या साधारण एक तृतीयांशात बसावं लागतं. समजा कोळपणीला तीस लागतात. शंभरातले तीस म्हणजे एक तृतीयांशाच्या आत, तिशीत दिवस निघत होता. आता तेच तीस बहात्तरातून द्यायचे, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. म्हणून अकरा वाजताच बांधावर बसावंसं वाटतं. यात आळस नाही, लाजायचं कारण नाही. काम तेच ठेवा, पण मधे मधे थांबा, आणि जड काम सकाळी दहाच्या आत उरका.

पण ही दहा टक्क्यांची घट सगळ्यांची सारखी नसते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते, वाटेत दिवे घाट लागतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या आजीबाई अभंग म्हणत चढताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याच वळणावर माझ्यासारखे मोटारसायकलवरून हिंडणारे चाळिशीतले गडी कठड्याला टेकलेले. आजीबाईंनी आयुष्यभर डोंगर चढलेला असतो.

याचा पुरावाही आहे. अमेरिकेत डॅलस इथं १९६६ मध्ये पाच तरुण, धडधाकट मुलांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं आणि त्यांची ताकद मोजली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांची ताकद जितकी घटली होती, त्याहून जास्त ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या झोपण्यानं घटली होती! पुढं सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा सराव दिल्यावर वयानं गेलेली ताकद पुष्कळशी भरून आली. पाचच माणसं होती हे खरं, पण तीच माणसं तीस वर्षांनी मोजायला मिळणं दुर्मिळ.

मुलगा कमावता झाला की बापाला खाटेवर बसवायचं, ही आपली मायेची रीत. ती माया अंगलट येते. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोज अर्धा तास चालावं. वेग असा, की सोबत्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

खाण्याचं फार लांबवत नाही. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या यांतलंही त्यात धरा. आणि उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट पाहू नका, म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांचंच ऐकायचं.

आमच्या अण्णांची गोष्ट

हे पत्रक लिहायला बसलो ते खरं या गोष्टीमुळं. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, वय सहासष्ट. घरापासून मळा अर्धा मैल, वाटेत आंब्याचं झाड आणि पुढं जुनी विहीर. दिवाळीपर्यंत अण्णा थेट मळ्यात जायचे. संक्रांतीला विहिरीपाशी थांबू लागले. होळीला आंब्याखाली. घरात सगळे म्हणाले, वय झालं. मी शिकलेला, मीही म्हणालो, "अण्णा, आता आराम करा, मळ्याचं आम्ही बघतो." पायांवर सूज होती, ती उभं राहून राहून आली असेल असं आम्हीच ठरवलं. पुढं ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले, आडवं झालं की गुदमरतं म्हणून. तेव्हा कुठं आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला, आणि तो भरेना. नाडी एकसारखी नव्हती. हृदय थकलं होतं, आणि ठोक्यांचा ताल बिघडला होता. अशा बिघडलेल्या तालात रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूही होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. डॉक्टर मला म्हणाले, "वय तीन महिन्यांत होत नाही हो."

तेच वाक्य तुमच्यासाठी लिहून ठेवतो. वयाचा उतार वर्षानुवर्षांचा असतो. जड कामात दम लागला आणि पाच-दहा मिनिटं टेकल्यावर गेला, तर ते वय असू शकतं. पण तीन-चार महिन्यांत चालण्याची मजल निम्मी झाली, आडवं पडल्यावर धाप लागली, पाय सुजले, छातीत सूं सूं वाजू लागलं, नाडी अडखळू लागली, चढावर भोवळ आली, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. श्वासातून ओढायचं औषध दिलं तर 'एकदा लागलं की सुटत नाही' या ऐकीव गोष्टीला भिऊन टाळू नका, गोळीपेक्षा ते थेट जागेवर जातं.

छातीत दाटून आलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर सोडा पिऊन गॅस जाण्याची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांत, बायकांत आणि साखरेच्या रोग्यांत कळ न येता नुसती धाप आणि गळाठा येऊ शकतो. १०८ ला फोन लावा. रोग्याला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, चालवू नका.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, पैसे लागत नाहीत. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. आणि डॉक्टरांपुढं नुसतं "दम लागतो" म्हणू नका. मागच्या वर्षी न थांबता कुठपर्यंत जात होतो आणि आता कुठपर्यंत जातो, ते ठिकाणासह सांगा. अण्णांचा निम्मा आजार आमच्या डॉक्टरांनी आंब्याच्या झाडावरूनच ओळखला होता. हल्ली अण्णा गोळ्या घेऊन सकाळी विहिरीपर्यंत जातात, तिथं पाच मिनिटं टेकतात, आणि मग मळ्यात येऊन आमच्या चुका काढतात.